विरजणाची बरणी आणि चव्वेचाळीस सह्या

दुसरा ओढा ओलांडला आणि अल्मिरा पेकच्या डाव्या बुटानं टाचेला चावायला सुरुवात केली. सकाळपासून नऊ मैल चालून झाले होते. सात घरं मागे पडली होती, पुढे दोनच राहिली होती. केझायामावशी मात्र डोक्यावर तांबडा रुमाल, काखेत टोपली अशी दहा पावलं पुढे चालली होती, जणू आत्ताच न्याहारी करून घराबाहेर पडली आहे.

"मावशी, जरा थांबा हो. बूट काढते."

"काढ. पण मग तो परत चढायचा नाही. मिसूरीपासून इथवर चालत आलेय मी, मास्तरीणबाई. बुटांचे स्वभाव मला माहीत आहेत. फोड आला तर त्याच्याकडे बघायचं नाही. बघितलं की लाडावतो."

अल्मिरानं बूट काढला नाही, पण ती रस्त्याकडेच्या ओंडक्यावर बसली. केझायाही बसली आणि तिनं आधी टोपलीत हात घालून पाहिलं.

"आहे, ऊबदार आहे म्हातारी," ती म्हणाली.

म्हातारी म्हणजे फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या बरणीतलं, पाव फुगवायला लागणारं आंबवलेल्या पिठाचं विरजण. दिवसभर घराबाहेर राहायचं तर चूल विझलेली, आणि विझल्या चुलीपाशी एकटं ठेवलं तर म्हातारी रुसते, असं केझायाचं म्हणणं. म्हणून सह्या गोळा करायच्या या चार दिवसांत म्हातारीही त्यांच्याबरोबर दारोदार फिरत होती. काही घरी तर लोक आधी तिची विचारपूस करत, मग यांना बसा म्हणत.

केझाया राउंट्री केंटकीत गुलामीत जन्मली. साल तिला ठाऊक नव्हतं. त्या वर्षी मालकाची तपकिरी घोडी व्यायली, तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं. पुढे तिला मिसूरीत नेलं. तीन घरांत तिनं रांधलं. तिसऱ्या घरची मालकीण मरताना मृत्युपत्रात तिला मोकळं करून गेली, आणि तो कागद केझाया पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवू लागली. मिसूरीत मोकळ्या बाईलाही कुणी सुखानं जगू देत नसे. तेव्हा पन्नाशीला टेकलेली ही बाई पश्चिमेला निघालेल्या गाड्यांच्या तांड्यात स्वयंपाकीण म्हणून लागली. अकरा माणसांचं दोन वेळचं रांधायचं, बदल्यात हिची पिठाची गोणी आणि बरणी गाडीत. ती स्वतः पायी.

प्लॅट नदीच्या काठानं जळण मिळत नाही. रानरेड्यांच्या वाळलेल्या गोवऱ्या वेचून त्यांवर रांधावं लागतं. इतर बायका नाकाला रुमाल लावत, केझाया त्याच विस्तवावर पाव भाजत असे. स्नेक नदी उतरताना गाडी कलंडली तेव्हा पुरुषांनी बंदुका वाचवल्या, हिनं बरणी वाचवली. डोंगरात बर्फ पडायला लागलं तेव्हा ती बरणी पोटाशी घेऊन झोपली. "देवानं मला लेकरू दिलं नाही," ती म्हणे, "पण कुशीत घ्यायला काहीतरी दिलं. आणि हे उलटून बोलत नाही."

अशी ती मागच्या पानगळीत आमच्या विलामेटच्या खोऱ्यात येऊन पोचली. झऱ्याजवळ एक लाकडी खोली उभी केली आणि राहू लागली. वर्ष झालं नाही तोच नदीकाठच्या एका माणसानं तक्रार केली. त्याचा डोळा खरं तर तिच्या झऱ्यावर होता, पण कायदा त्याच्या बाजूनं होता. आमच्या प्रांतात गुलाम ठेवायचा नाही, हा कायदा. आणि मोकळ्या काळ्या माणसानंही वस्ती करायची नाही, हाही कायदाच. न्यायाधीशानं तिला महिन्याची मुदत दिली. ती संपायच्या आत खोऱ्यातल्या लोकांचा अर्ज प्रांताच्या सभेपुढे पोचला तर हुकूम फिरू शकत होता. अर्ज घेऊन जाणारी होडी आता चार दिवसांनी निघणार होती. अर्ज पोचला नाही, तर केझायाला म्हातारीला उचलून पुन्हा चालायला लागायचं होतं, आणि या वेळी पुढे पश्चिमच शिल्लक नव्हती, समुद्र होता.

अर्ज लिहिला होता अल्मिरानं. शाळेची मास्तरीण, अक्षर मोत्यासारखं, शिवाय मनापासून प्रार्थना करणारी. तिला हे काम देवानंच नेमून दिलंय असं वाटत होतं. मास्तरणीला आमच्याकडे वेगळं घर नसतं. एकेक आठवडा एकेका विद्यार्थ्याच्या घरी राहायचं आणि तिथे शिजेल ते खायचं. वर्षभरात अल्मिरानं खोऱ्यातल्या सगळ्या घरांचे पाव खाल्ले होते. सगळ्यांची हलकी आंबट चव एकच होती. ती चव कुठून येते हे ओळखायला तिला फार दिवस लागले नाहीत, आणि तिनं ते अर्जात घालून टाकलं. आपल्याला भक्कम मुद्दा सापडला, या समाधानात ती होती.

एक गोष्ट मात्र तिला ठाऊक नव्हती, कारण तिची स्वतःची चूल नव्हती. आई-आजीचं विरजण दोन हजार मैल आणताना वाटेत मेलं, तर बाई ते कुणाला सांगत नसे. रिकामी बरणी शालीखाली लपवून ती एखाद्या घराच्या मागच्या दारी जाई. देणारीनं द्यायचं आणि विसरून जायचं. कोण आली होती ते कुणालाही सांगायचं नाही, तिच्या नवऱ्याला तर नाहीच.

"ऊठ," केझाया म्हणाली. "बुटानं ऐकलं आपण बसलोय ते. आता फुगेल."

लेम्युएल स्टॅग कुंपणाच्या पट्ट्या फोडत होता. मूळचा मिसूरीचा, सहा फूट उंच आणि बोलण्यात हटवादी. दोघींना बघून त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवून ठेवली.

"आलीस का मावशी? ऐकलं होतं, तू फिरतेयस म्हणून. मी गुलामीच्या विरुद्ध आहे, हे सगळ्यांना माहीत आहे."

"आणि त्या कायद्याच्या बाजूनं," केझाया म्हणाली.

"दोन्ही. मिसूरीत काय होतं तूच बघितलंयस. एका बाजूला मालक आणि त्याचे चाळीस गुलाम, दुसऱ्या बाजूला मी, एक कुऱ्हाड घेऊन. माझ्या मजुरीला कोण विचारणार? म्हणून इथे आलो. मला इथे मालक नको नि गुलामही नको."

"मग बरं झालं. मी दोन्ही नाही."

लेम्युएलनं टोपी काढून डोकं खाजवलं. "तू फार चलाख आहेस, मावशी."

"चलाख कसली रे. पाय दुखतायत. तू सही केलीस की हिला बसता येईल, मग मलाही."

"सही येत नाही मला."

"मलाही येत नाही. फुली मार. फुली मारायला कुणी शाळेत जात नाही."

"यात लिहिलंय काय?" त्यानं अल्मिराला विचारलं.

"मावशींना इथे राहू द्यावं म्हणून विनंती आहे," अल्मिरा म्हणाली. सगळ्या दारांत ती एवढंच सांगत आली होती आणि लोकांना तेवढं पुरत होतं. लेम्युएलनं जीभ दातांत धरून फुली काढली. अल्मिरानं शेजारी त्याचं नाव लिहिलं. चव्वेचाळीस झाल्या.

पुन्हा वाटेला लागल्यावर केझाया म्हणाली, "एवढं पानभर लिहिलंयस माझ्याबद्दल. मला एकदा वाचून तरी दाखव."

"सगळं झालं की वाचते ना. सरकारी भाषा आहे, कंटाळाल."

खरं म्हणजे अल्मिराला लाज वाटत होती. इतकी स्तुती माणसाच्या तोंडावर कशी वाचायची?

शेवटचं घर ओबेड क्रँडलचं, म्हणजे पाणचक्कीचं. खोऱ्यातला सगळा गहू त्याच्याकडे दळायला जाई, आणि बारा घरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी क्रँडलची सही दाखवा, मग आमची घ्या. क्रँडल माणूस वाईट नव्हता. पण आपण कुणाचं काही देणं लागत नाही, याचा त्याला भारी अभिमान होता. बायको ट्रायफेना बारीक चणीची, कमी बोलणारी. अल्मिरा तिच्याकडे आठवडाभर राहिली होती तेव्हा ट्रायफेना सात दिवसांत मिळून जेमतेम वीस वाक्यं बोलली असेल.

क्रँडलनं दोघींना पिठाच्या गोण्यांवर बसवलं. ट्रायफेनानं पाव आणि लोणी आणून ठेवलं.

"खा," क्रँडल म्हणाला. "असा पाव या खोऱ्यात दुसरीकडे मिळायचा नाही. हिच्या आजीचं विरजण आहे, कनेक्टिकटचं. तिथून ओहायोला आलं, ओहायोहून इथे. चार पिढ्यांचं. आता दाखवा तो कागद."

"मी तोंडी सांगते, मिस्टर क्रँडल," अल्मिरा म्हणाली.

"तोंडी कशाला? मला वाचता येतं."

त्यानं चष्मा लावला, कागद खिडकीकडे धरला आणि चर्चमध्ये वाचावं तसं मोठ्यानं, सावकाश वाचायला लागला. पहिल्या दोन ओळी सभेला नमस्कार करण्यात गेल्या. मग तो पुढे सरकला. "सदर बाई, जी केझायामावशी या नावाने ओळखली जाते, ती सभ्य, निरोगी, कष्टाळू व अत्यंत उपयोगी असून पाव करण्यात निपुण आहे. या वस्तीतील प्रत्येक घरचा पाव तिच्याच विरजणावर होतो. ती गेल्यास आमची मोठी गैरसोय होईल."

तो थांबला. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"प्रत्येक घरचा?"

अल्मिराला आधी काही कळलंच नाही. मग तिची नजर ट्रायफेनाकडे गेली. ट्रायफेनानं एप्रनची कडा दोन्ही मुठींत घट्ट धरली होती.

"हे खोटं आहे," क्रँडल म्हणाला. "बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझ्या घरचं विरजण माझ्या घरचं आहे. खोट्या कागदावर ओबेड क्रँडल सही करत नाही. मग समोर कुणीही असो."

अल्मिराच्या तोंडात पावाचा घास होता आणि तीच हलकी आंबट चव जिभेवर होती. घास गिळून खरं बोलावं तर समोरच्या ट्रायफेनाचा संसार उघडा पडतो. गप्प बसावं तर बारा घरं जातात, आणि केझायाही जाते. तिनं मनातल्या मनात देवाला हाक मारली, पण काय मागावं ते तिला सुचेना.

केझाया पाव सावकाश चावत होती. तिनं घास संपवला, एप्रनला हात पुसले.

"छान आहे," ती म्हणाली. "तुमच्याच घरचं आहे हे, मिस्टर क्रँडल. चव वेगळीच लागते. मास्तरीणबाईंची चूक झाली. मास्तरीणबाई, 'एक घर सोडून' असं लिहा तिथे."

"बघ," क्रँडल म्हणाला. "ती स्वतःच सांगतेय."

"खोडू नका," ट्रायफेना म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की क्रँडलनं आधी अल्मिराकडेच पाहिलं.

"अहो, मी बोलतेय," ट्रायफेना म्हणाली. "आजीचं विरजण डोंगरात गोठून मेलं. मी बरणी धुऊन कोरडी केली आणि तशीच इथवर आणली. मागच्या नोव्हेंबरात तुम्ही चक्कीचे दगड आणायला गेला होतात, तेव्हा शालीखाली धरून हिच्या मागच्या दारी गेले. हिनं एक शब्द विचारला नाही. वर्षभर तुम्ही जे खाताय ते हिचं."

"वर्षभर?"

"वर्षभर. आणि रोज दुसऱ्यांदा मागून घेता."

लेम्युएल स्टॅग तिथे असता तर पोट धरून हसला असता. अल्मिराला हसू आलं ते तिनं पावाच्या तुकड्यामागे लपवलं. केझाया मात्र ट्रायफेनाकडे बघत होती, डोळे वटारून, लेकीनं पाहुण्यांसमोर आगाऊपणा केल्यावर आई बघते तशी.

"कशाला बोललीस गं? आपण असं सांगत नाही."

"माहीत आहे. पण तू माझ्यासाठी खोटं बोललीस. तू कधी खोटं बोलत नाहीस."

"चव वेगळी आहे म्हटलं, त्यात खोटं काय? तू मीठ जास्त टाकतेस."

क्रँडल कागद हातात धरून उभाच होता. कानापर्यंत लाल झाला होता. तो म्हणाला, "हे सभेत मोठ्यानं वाचतील. सगळ्या प्रांतात होईल, क्रँडलची बायको विरजण मागत फिरते." मग आवाज खाली आणून, "ते वाक्य काढा. मी सही करतो. पहिली हवी तर पहिली करतो."

अल्मिराचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच पुन्हा टांगणीला लागला. "काढता यायचं नाही, मिस्टर क्रँडल. चव्वेचाळीस जणांनी याच कागदावर सही केलीय. त्यांच्या मागे मी मजकूर बदलला तर ती लबाडी होईल."

"मग राहू दे तसंच," ट्रायफेना म्हणाली. "वाचू देत सभेत. मला काही वाटत नाही."

"मला वाटतं," केझाया म्हणाली.

तिघंही तिच्याकडे वळले. तिनं टोपली मांडीवर घेतली होती आणि फडक्यावरून बरणीवर हात फिरवत होती.

"मिस्टर क्रँडल, ती ओळ परत वाचा बरं. सभ्य, निरोगी, तिथपासून."

क्रँडलनं वाचली. या वेळी आवाज तेवढा मोठा नव्हता.

"हां," केझाया म्हणाली. "मला वाचता येत नाही, पण हा कागद मला पाठ आहे. तीन वेळा माझ्यासमोर वाचलाय. मी लिलावाच्या ओट्यावर उभी असायचे आणि एक माणूस असाच मोठ्यानं वाचायचा. निरोगी, कष्टाळू, उपयोगी, पाव उत्तम करते. पहिल्यांदा मी तेरा वर्षांची होते. तेव्हा मला वाटलं होतं, किती चांगलं बोलतोय माझ्याबद्दल."

अल्मिराच्या डोळ्यांत पाणी आलं. मोत्यासारख्या अक्षरात तिनं काय लिहिलं होतं, ते तिला आत्ता दिसत होतं.

"मावशी, मला..."

"तुझं काही चुकलं नाही, पोरी. तू प्रेमानं लिहिलंस. पण उपयोगी वस्तूचं कसं असतं, ती लोक ठेवतात, आणि उपयोग संपला की काढून टाकतात. उद्या माझ्या हाताला संधिवात झाला तर? उद्या दुकानात खमिराची पुडी मिळायला लागली तर?" मग तिचं तिलाच हसू आलं. "आणि म्हातारी मेली तर? म्हणजे आम्हा दोघींची एकदमच पाठवणी."

क्रँडलनं चष्मा काढला. तो पुसला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. मग कागदाची घडी घालून त्यानं ती केझायाच्याच हातात दिली. अल्मिराला दिली नाही.

"नवा लिहा," तो म्हणाला. "ओळ काढा. माझ्यासाठी नाही. मी पहिली सही करतो. आणि खेचर घेऊन जा, मास्तरीणबाईंनी बसून जावं. ट्रायफेना, आणखी पाव आण." तो पुढे म्हणाला, "मीठ कमी घालून करत जा म्हणे ती."

"उद्यापासून," ट्रायफेना म्हणाली, आणि त्या दिवसातलं तिचं सोळावं वाक्य बोलून आत गेली.

खेचर म्हातारं होतं आणि त्याला घाई नव्हती. अल्मिरा वर, केझाया शेजारून चालत, टोपली खेचराच्या पाठीवर, अशा त्या परत निघाल्या. सूर्य अजून डोंगराच्या वर होता. ओढ्यापाशी आल्यावर अल्मिरा म्हणाली, "चव्वेचाळीस सह्या गेल्या, मावशी."

"जाऊ देत. घरं कुठे पळून जातायत?"

"लेम्युएल पुन्हा द्यायचा नाही."

"देईल. त्याला फुली काढायला आवडलं. जीभ बघितलीस त्याची?"

अल्मिरा हसली. मग तिला पुन्हा काळजी वाटली. "चार दिवसांत सगळं पुन्हा चालायचं. आणि कारण काय लिहू? सभेला काहीतरी कारण लागेल. नुसतं 'राहू द्या' म्हटलं तर विचारतील, का म्हणून?"

केझाया थांबली. खेचरालाही थांबायचंच होतं, तेही थांबलं. तिनं टोपलीत हात घालून बरणी चाचपली आणि वर अल्मिराकडे पाहिलं.

"कारण नको लिहूस. लेम्युएलनं इथे राहण्याचं कारण कुणी विचारलंय? लिही, केझाया राउंट्री इथे राहते आणि तिला इथेच राहायचं आहे. खाली ज्यांना पटतं त्यांची नावं. मावशी लिहू नकोस. मावशी मी तुझी, सभेची नाही."

"बरं," अल्मिरा म्हणाली. "एवढंच?"

"एवढंच. आणि या वेळी शाई वाळली की पहिलं दार वाजवायच्या आधी मला वाचून दाखव."